पन्हाळ्याच्या पाण्यातली जुनी सोयरीक

१९५९ साली हॉलंडमधून निघणाऱ्या 'हायड्रोबायोलॉजिया' या नियतकालिकात पन्हाळगडावर सदतीस पानांचा एक लेख छापून आला. त्यात सिद्दी जौहर नव्हता की बाजीप्रभू नव्हते. गडावरच्या पाण्यात राहणाऱ्या डायटम नावाच्या एकपेशीय शैवलांची ती नोंद होती. लेखक होते एच. पी. गांधी. राजस्थानातलं प्रतापगड, धारवाड, जोगचा धबधबा, पुढे गुजरात असं करत या माणसाने डबकी, ओढे, तळी आणि धरणं यांतले डायटम गोळा करण्यात आयुष्य घालवलं. पन्हाळ्याच्या आगेमागेच त्यांनी कोल्हापूर शहर आणि राधानगरी इथल्या पाण्यावरही लिहिलं. १९६३ मध्ये त्याच नियतकालिकात एन. डी. कामत यांचा कोल्हापूरच्या शैवलांवरचा जवळपास शंभर पानांचा निबंध आला. शिवाजी विद्यापीठाची स्थापना नोव्हेंबर १९६२ मधली. म्हणजे विद्यापीठाची घडी नीट बसायच्या आतच कोल्हापूरचं पाणी जगाच्या शास्त्रीय वाङ्मयात पोचलं होतं.

अशा नोंदी वाचायला रूक्ष असतात. प्रत्येक जातीपुढे तेच तीन आकडे: लांबी किती मायक्रॉन, रुंदी किती, आणि दहा मायक्रॉनमध्ये किती रेषा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रेषा म्हणजे डायटमच्या काचेसारख्या कवचावरच्या बारीक छिद्रांच्या ओळी. हे आकडे जाती ओळखण्यासाठी असतात, म्हणून बहुतेक वाचक ते ओलांडून पुढे जातात. पण नीट पाहिलं तर त्यांत एक विसंगती दिसते. दगडांना चिकटून वाढणारी गोम्फोनेमा पार्व्हुलम ही जगभर आढळणारी जात घ्या. पुस्तकांत तिची लांबी १० ते ३६ मायक्रॉन दिलेली असते, रुंदी ४ ते ८. एकाच जातीच्या पूर्ण वाढलेल्या दोन पेशींच्या लांबीत तिपटीहून जास्त अंतर! यांतली आखूड पेशी लहान वयाची नसते. तीही तितकीच प्रौढ असते. मग हे अंतर येतं कुठून?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकाचा बराचसा काळ लागला, आणि ते हाती आल्यावर त्यातून त्याहून मोठा प्रश्न निघाला: एका पेशीच्या जिवाला जोडीदाराची गरज मुळात पडलीच का?

आखडत जाणारा वंश

डायटमचं कवच सिलिकाचं, म्हणजे वाळू आणि काच ज्या द्रव्याची असते त्याच द्रव्याचं असतं. त्याचे दोन भाग असतात आणि ते डब्यावर झाकण बसावं तसे एकमेकांवर बसतात. पेशी दुभंगते तेव्हा एका लेकीच्या वाट्याला झाकण येतं, दुसरीच्या वाट्याला तळ. दोघीही मिळालेला भाग झाकण म्हणूनच वापरतात आणि आत मावेल असा नवा तळ बनवतात. पहिली आईएवढीच राहते. दुसरी, तळाचं झाकण झाल्यामुळे, किंचित लहान होते. तिच्या दोन लेकींपैकी एक आणखी लहान. कवच कडक असल्यामुळे पेशीला नंतर फुगून वाढता येत नाही. अशी पिढ्यांवर पिढ्यांची वजाबाकी चालू राहते आणि सगळ्या वंशाची सरासरी लांबी खाली येत जाते. १८६९ मध्ये जॉन मॅकडोनाल्ड आणि अर्न्स्ट फित्सर या दोघांनी स्वतंत्रपणे हा नियम मांडला. आजही तो त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो.

नियम बरोबर असेल तर डायटम कधीच नामशेष व्हायला हवे होते. ते झाले नाहीत, याचा अर्थ कुठेतरी ही घट भरून निघत असणार. ती भरून निघताना पाहणारा माणूस मात्र नियमाच्या बावीस वर्षं आधीच होऊन गेला होता. १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या जॉर्ज थ्वेट्स यांनी दोन डायटम पेशी जवळ येऊन त्यांतला जीवरस एक होताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि छापला. दोन वर्षांनी ते श्रीलंकेत पेराडेनियाच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख म्हणून गेले आणि उरलेलं आयुष्य तिथल्या झाडाझुडपांत रमले. त्यांनी पाहिलेल्या मीलनाचा नेमका उपयोग काय, हे १८६९ नंतर कळलं. दोन आखूड पेशींच्या मीलनातून जी नवी पेशी तयार होते ती कवच नसल्यामुळे फुगू शकते. ती जातीच्या कमाल लांबीपर्यंत फुगते आणि मगच आत नवं कवच घडवते. या फुगणाऱ्या अवस्थेला ऑक्झोस्पोर म्हणतात.

हा प्रसंग जवळून पाहण्यासारखा असतो. लांबट डायटमांतल्या दोन आखूड पेशी सरपटत एकमेकींशेजारी येतात आणि भोवती चिकट द्रव सोडून एकत्र जखडल्या जातात. दोघींच्या केंद्रकांत अर्धसूत्री विभाजन होतं, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी होते. कवचांच्या फटी उघडतात. आतला जीवरस गोळा होऊन त्याची एक किंवा दोन युग्मकं बनतात. त्यांना शेपटी नसते. ती अमिबासारखी सरकत समोरच्या युग्मकाला भिडतात आणि एकजीव होतात. मग तो गोळा लांबू लागतो. वाढताना त्याच्या अंगावर सिलिकाच्या अरुंद पट्ट्या चढत जातात आणि त्या त्याला वेडावाकडा न होऊ देता सरळ लांब करतात. शेवटी आत पूर्ण लांबीची नवी पेशी तयार होते आणि बाजूला आईबापांची रिकामी कवचं पडलेली असतात. जातींजातींत तपशील बदलतात, पण हिशेब साधारण हाच: दोन पेशी आत जातात आणि बाहेर एक किंवा दोनच येतात. संख्येत भर पडत नाही. वाढ झालीच तर लांबीत होते.

मद्रासची पेशी

पुढचं अर्धशतक केंद्रकाच्या आत काय घडतं ते पाहण्यात गेलं. व्हिएन्नाच्या लोथार गाइटलर यांनी लांबट डायटमांच्या मीलनाचे प्रकार एकेक करून मांडले. गोल, चकतीसारख्या डायटमांचं कोडं मात्र सुटत नव्हतं. त्यांत जोड्या जुळताना दिसत नसत, तरी ऑक्झोस्पोर बनत असत. इथे भारतातलं एक काम जगाच्या चर्चेत आलं. मद्रासचे एम. ओ. पी. अय्यंगार आणि त्यांचे शिष्य आर. सुब्रह्मण्यन यांनी सायक्लोटेला मेनेघिनियाना या तळ्याडबक्यांत सर्रास सापडणाऱ्या डायटमवर काम करून १९४४ मध्ये दाखवलं की ऑक्झोस्पोर बनण्याआधी केंद्रकाचं अर्धसूत्री विभाजन होतं. त्यांच्या मते निम्मी गुणसूत्रं असलेली दोन केंद्रकं त्याच पेशीत पुन्हा एक होत होती. पुढे १९५०च्या सुमारास जर्मनीच्या फॉन श्टॉश यांनी गोल डायटमांत चक्क अंडपेशी आणि शेपटीचे शुक्राणू असल्याचं सिद्ध केलं, आणि त्यानंतर सगळा पट बदलला. ज्या जिवाची अख्खी काया म्हणजे एक पेशी, त्याच्यातही नर आणि मादी असा भेद पडू शकतो, हे आता नाकारता येत नव्हतं.

म्हणजे गांधींनी पन्हाळ्याचं पाणी तपासलं तेव्हा डायटमांच्या लैंगिक जीवनाचं मूळ चित्र जगापुढे आलेलं होतं. तरीही जातींच्या नोंदींत त्याचा मागमूस सापडत नाही. कारण या अभ्यासाची रीतच तशी आहे. डायटमची जात कवचावरून ठरते, आणि कवच स्वच्छ दिसावं म्हणून नमुना तीव्र आम्लात उकळतात. सगळं सेंद्रिय द्रव्य जळून जातं आणि नितळ काच उरते. त्या काचेवर दहा मायक्रॉनमधल्या रेषा मोजता येतात, पण केंद्रक, जीवरस, युग्मकं यांतलं काहीच शिल्लक राहत नाही. शिवाय मीलन क्वचित घडतं आणि थोडक्यात आटोपतं. एखाद्या जातीच्या वंशात ते काही वर्षांतून एकदा येऊ शकतं. तळ्यावर एखादी फेरी मारून ते हाती लागत नाही.

तरीही आम्लाला एक गोष्ट पुसता आली नाही, आणि ती म्हणजे लांबी. पुस्तकांतला '१० ते ३६' हा आकडा म्हणजे त्या वंशाच्या घटीचा आणि भरपाईचा ठसा आहे. वरच्या टोकाच्या पेशी मीलनातून नुकत्याच बाहेर पडलेल्या वंशातल्या असतात. खालच्या टोकाच्या पेशींचा पुढचा मार्ग दोनच दिशांनी जातो: जोडीदार गाठायचा, नाहीतर संपायचं. आपल्या यादीतल्या प्रत्येक जातीपुढे गांधींनी तिच्या लैंगिक चक्राची दोन टोकं नोंदवून ठेवली आहेत. कोल्हापूरच्या पाण्यातल्या लैंगिकतेचा हा पुरावा आहे आणि तो लांबीच्या रकान्यात बसून आहे.

प्रजननाशिवाय लैंगिकता

इथून गोष्ट कोल्हापूर सोडून फार मागे जाते. पन्हाळ्याचा काळा पत्थर साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. डायटम त्याहून जुने, पण जीवसृष्टीच्या हिशेबात तेही अलीकडचेच. त्यांचे खात्रीचे जीवाश्म ज्युरासिक काळाच्या मागे जात नाहीत. लैंगिकता त्यांनी शोधली नाही. ती त्यांना वारशाने मिळाली.

वारसा किती जुना? कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागातल्या सॉमरसेट बेटावर बँगिओमॉर्फा नावाच्या तांबड्या शैवलाचे जीवाश्म मिळाले. २००० मध्ये निकोलस बटरफील्ड यांनी त्यांत लैंगिक अवस्थांची चिन्हं दाखवली. पुढच्या कालमापनात त्या खडकांचं वय सुमारे १०५ कोटी वर्षं ठरलं. आपल्याकडे विंध्य प्रदेशात, चित्रकूटजवळच्या खडकांत स्टेफान बेंग्टसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सुमारे १६० कोटी वर्षांपूर्वीचे तांबड्या शैवलांसारखे जीवाश्म मांडले. त्यांत लैंगिकतेची खूण सापडलेली नाही, पण तेव्हा केंद्रक असलेल्या पेशींचा संसार चांगलाच मांडला गेला होता हे त्यांवरून दिसतं.

दगडांपेक्षा जास्त बोलली ती जनुकं. पूर्वी समज असा होता की जियार्डियासारखे साधे परजीवी लैंगिकता येण्याआधीच मुख्य फांदीपासून वेगळे झाले असावेत. जियार्डिया म्हणजे दूषित पाण्यातून पोटात जाऊन जुलाब लावणारा एकपेशीय जीव. त्याचं मीलन कुणी पाहिलेलं नव्हतं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याच्या जनुकसंचात अर्धसूत्री विभाजनालाच लागणारी जनुकं शोधून काढली. अशा तपासण्या वाढत गेल्या तसा निष्कर्ष पक्का होत गेला: केंद्रक असलेल्या आजच्या सगळ्या जिवांचा, म्हणजे अमिबा, बुरशी, वड, बैल आणि माणूस यांचा, जो शेवटचा सामायिक पूर्वज होता त्याच्याकडेच लैंगिकता होती. ज्या वंशांत ती दिसत नाही तिथे ती बहुधा मागून हरवली किंवा आपल्या नजरेतून सुटली.

तो पूर्वज एका पेशीचा होता, आणि आपली संख्या वाढवायला त्याला जोडीदार लागत नव्हता. दुभंगलं की झालं. आपल्या डोक्यात लैंगिकता आणि संतती यांची गाठ इतकी घट्ट बसली आहे की हे उमगायला वेळ लागतो. माणसात मूल होण्याची दुसरी वाट नाही. एकपेशीय जिवात मात्र वाढायची वाट वेगळी आणि मिसळायची वेगळी. मिसळण्यात उलट तोटाच: दुभंगायला वापरता आला असता तो वेळ वाया जातो, जोडीदार हुडकावा लागतो आणि चांगली जमलेली जनुकांची जोडणी मोडते. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथ यांनी १९७०च्या दशकात प्राण्यांसाठी या तोट्याचा हिशेब मांडला, कारण तिथे नर पोसण्याचा खर्चही येतो. एकपेशीय जिवाला तो खर्च नसला तरी बाकीचे सगळे आहेतच.

मग हा तोटा कोण आणि केव्हा पत्करतं? प्रयोगशाळांतून आलेलं उत्तर एका सुरातलं आहे: दिवस वाईट आले की. गोड्या पाण्यातलं क्लॅमिडोमोनास हे शैवल नायट्रोजन मिळतो तोवर नुसतं दुभंगत राहतं. नायट्रोजन संपला की त्याची युग्मकं बनतात, हे रूथ सेजर आणि सॅम ग्रॅनिक यांनी १९५४ मध्ये दाखवलं. त्यांच्या मीलनातून जाड कवचाचा, कोरड्यात टिकणारा बीजाणू तयार होतो. ब्रेडला फुगवणारं यीस्टही उपासमारीतच अर्धसूत्री विभाजनाकडे वळतं. व्हॉल्व्हॉक्स या शैवलाला उष्णतेचा धक्का बसला की त्याची लैंगिक अवस्था सुरू होते. अडचणीत पेशीतला डीएनए तुटतो, चुका साचतात. शेजारी दुसरी धड प्रत असेल तर तिच्यावरून दुरुस्ती करता येते. शिवाय मिसळणीतून निघालेल्या पिल्लांपैकी एखादं तरी नव्या परिस्थितीत टिकतं. पूर्वजाला यांतलं नेमकं काय आधी उपयोगी पडलं यावर वाद आहेत, पण लैंगिकतेची सुरुवात संतती वाढवण्यातून नव्हे, तर निभावून नेण्यातून झाली याच दिशेला पुरावे बोट दाखवतात.

हत्यारंही नवी घडवावी लागली नाहीत. अर्धसूत्री विभाजनात डीएनएला मुद्दाम काप देणारं स्पो११ हे प्रथिन आर्किया नावाच्या केंद्रकहीन जिवांतल्या एका विकराच्या घराण्यातलं आहे. तुटलेला डीएनए दुसऱ्या प्रतीवरून सांधणारी प्रथिनं जिवाणूंच्या दुरुस्तीसामानाशी नातं सांगतात. जिवाणूही एकमेकांना डीएनए देतात. १९४६ मध्ये जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टॅटम यांनी ते सिद्ध केलं. पण दोन अख्ख्या पेशी एकजीव होणं आणि मग गुणसूत्रं शिस्तीत निम्मी करणं त्यांना जमत नाही. एकजीव होण्याचं साधन तर आणखी अनपेक्षित ठिकाणाशी जोडलेलं निघालं. युग्मकांची आवरणं एकमेकांत मिसळवणारं हॅप२ नावाचं प्रथिन २००८ मध्ये क्लॅमिडोमोनास आणि मलेरियाचा परजीवी या दोन्हींत तेच काम करताना आढळलं. २०१७ मध्ये त्याची रचना उलगडली तेव्हा ती डेंग्यू आणि झिका यांच्या विषाणूंतल्या, आपल्या पेशीत शिरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रथिनाशी जुळली. विषाणूने पेशीकडून उचललं की पेशीने विषाणूकडून, हा वाद चालू आहे. साधन एकच आहे, एवढं मात्र नक्की.

घड्याळ आणि यादी

या मोठ्या चौकटीत डायटम वेगळे उठून दिसतात. क्लॅमिडोमोनास परिस्थिती पाहून जोडी जमवतं. डायटमाने त्यासाठी स्वतःच्या अंगातच मोजपट्टी बसवली आहे. पेशी कमाल लांबीच्या साधारण निम्म्याखाली आली की मगच ती मीलनक्षम होते. १९८४ मध्ये विल्यम लुईस यांनी या घटीला लैंगिकतेचं घड्याळ म्हटलं. लैंगिकता महाग असेल तर ती वारंवार नको, पण कायमची विसरायलाही नको. दर पिढीला थोडं आखूड व्हायचं आणि ठरावीक मापाला पोचल्यावरच सोयरीक करायची, हा त्यावर काढलेला तोडगा. २०१३ मध्ये बेल्जियम आणि जर्मनीतल्या संशोधकांनी सेमिनॅव्हिस या डायटममध्ये जोडीदाराला ओढून आणणारं रसायन ओळखलं. पुरेशी आखूड झालेली पेशीच त्याला प्रतिसाद देते. काही जातींनी हे घड्याळ मोडलंही आहे: कुणी मीलनाशिवाय ऑक्झोस्पोर बनवतं, कुणी आखडतच नाही.

कोल्हापूरच्या यादीचा हिशेबही आता नव्याने सुरू झाला आहे. २०१२ मध्ये बालसुब्रमण्यन कार्तिक आणि अमेरिकेचे पॅट्रिक कोसिओलेक यांनी गांधींनी कोल्हापूर परिसरातून नोंदवलेल्या गोम्फोनेमांची ओळख पुन्हा तपासली आणि त्यातल्या एका जातीला गोम्फोनेमा गांधीई हे नाव दिलं. कार्तिक आज पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डायटमांवर काम करतात. अशा फेरतपासणीत लांबीच्या आकड्यांचं महत्त्व दुप्पट होतं. एकाच जातीच्या लांब आणि आखूड पेशी इतक्या वेगळ्या दिसतात की त्यांना दोन नावं मिळू शकतात, आणि दोन वेगळ्या जातींच्या आखूड पेशी एकाच नावाखाली जाऊ शकतात. जाती नीट लावायच्या तर त्यांचं लैंगिक चक्र माहीत हवं.

ते पाहायला महागडं यंत्र लागत नाही. पन्हाळ्यावरच्या सादोबाच्या तळ्याच्या किंवा कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाच्या कडेच्या दगडावरची तपकिरी, निसरडी साय खरवडायची, त्यातली एकेक पेशी वेगळी करून काचेच्या बशीत वाढवायची, दर महिन्याला लांबी मोजायची आणि वंश पुरेसा आखडला की दोन वंश एकत्र सोडून पाहायचे. लागतं ते साधं सूक्ष्मदर्शक, पाणी बदलण्याची शिस्त आणि दोनतीन वर्षांचा दम. गांधी आणि कामत यांनी कोल्हापूरच्या पाण्यात कोण राहतं ते लिहून ठेवलं. त्यांतल्या कुणाचं घड्याळ किती वर्षांचं आहे, हे काम कोल्हापूरच्याच एखाद्या प्रयोगशाळेने हाती घ्यावं असं आहे.